लँगम : स्कॉटलंडच्या सीमेवरचं एक छोटं गाव — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही वर्षांपासून या भागात राहतो. पुण्या-मुंबईहून फोन आला की प्रश्न ठरलेले असतात : एवढ्याशा गावात करता तरी काय? तिथं बघण्यासारखं काय आहे? एडिंबरा सोडून तिकडे कशाला यायचं? एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळी उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. काही छोटी आहेत. जिथं मन गुंतलं तिथं लांबली आहेत.

गावाचं नाव नक्की कसं उच्चारायचं? आणि हे आहे कुठे?

स्पेलिंग बघून सगळे आधी ‘लँगहोम’ म्हणतात, पण इथली माणसं म्हणतात ‘लँगम’. गाव स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, डम्फ्रीज अँड गॅलोवे जिल्ह्यात आहे. इंग्लंडची हद्द इथून जेमतेम १२-१३ किलोमीटरवर. एस्क, यूज आणि वॉकप या तीन नद्या गावातच एकत्र येतात आणि चारही बाजूंनी गोल, बोडके, गवताळ डोंगर आहेत. झाडी नदीकाठाला, वर नुसती हेदरची बुटकी झुडपं आणि गवत. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं तेव्हा डोंगर जांभळे होतात. कासच्या पठाराची आठवण येतेच, फक्त इथं फूल एकाच जातीचं आणि मैलोन् मैल पसरलेलं.

हे गाव आहे की शहर?

लोकवस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर. आपल्याकडे याला खेडंच म्हणतील. पण लँगमचे लोक आपल्या गावाला ‘मकल टून’ म्हणतात. स्थानिक बोलीत ‘मकल’ म्हणजे मोठं आणि ‘टून’ म्हणजे टाउन. हे ते थट्टेनं म्हणत नाहीत. १६२१ साली गावाला बाजारपेठेचा दर्जा मिळाला, पुढे १७७८ पासून नदीपल्याड सरळ आखलेल्या रस्त्यांचं ‘नवं लँगम’ वसवलं गेलं. गावाला स्वतःचा टाउन हॉल आहे, शाळा आहे, बक्लू सेंटर नावाचं नाट्य-संगीताचं सभागृह आहे, १८१५ पासूनची परंपरा सांगणारा बँड आहे आणि १८७१ मध्ये स्थापन झालेला रग्बी क्लब आहे. सीमाभागातला हा सर्वांत जुना क्लब. एवढं सगळं अडीच हजार माणसं चालवतात. बँडमध्ये वाजवणाराच रविवारी रग्बीच्या मैदानावर रेषा आखताना दिसतो.

‘कॉमन रायडिंग’ म्हणजे नेमकं काय?

गावाची शीव घोड्यावरून फिरून तपासणं. एवढंच. आणि लँगमचं सगळं वर्ष या एका दिवसाभोवती फिरतं : जुलैचा शेवटचा शुक्रवार.

मागची हकीकत अशी. अठराव्या शतकात गावाभोवतीच्या जमिनीच्या मालकीवरून मोठे जमीनदार आणि बाकीचे हिस्सेदार यांच्यात वाद पेटला. प्रकरण एडिंबऱ्याच्या वरिष्ठ न्यायालयात गेलं आणि १७५९ मध्ये निकाल लागला. नदीकाठचं किल्नग्रीन आणि डोंगरावरची सामायिक माळजमीन यांवर गावकऱ्यांचा हक्क मान्य झाला. गुरं चारायची, पीट म्हणजे जळणासाठी दलदलीतली माती कापायची, हे सगळं त्यात आलं. आपल्याकडच्या गायरानासारखंच. पण कागदावर हक्क मिळाला म्हणून तो टिकतो असं नाही. शेजारचा जमीनदार दरवर्षी हातभर पुढे सरकतो, बांध कोरतो. बांधावरून भावकीत पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. म्हणून गावानं दरवर्षी एका माणसाला हद्दीवरून चालत पाठवायला सुरुवात केली. खुणेचे दगड जागेवर आहेत ना, खड्डे बुजले नाहीत ना, हे तो बघायचा. पुढे तो चालायचा थांबला आणि लोक घोड्यावरून जाऊ लागले. आज शेकडो घोडेस्वार जातात.

पहाटे, अजून नीट उजाडलेलं नसताना, बासऱ्या आणि ढोलांचा ताफा गल्लीगल्लीतून फिरतो आणि गाव जागं करतो. पहिल्या वर्षी आम्ही त्या आवाजानं दचकून उठलो होतो. आता आदल्या रात्रीच झोप लागत नाही. मग व्हाइटा डोंगरावर कुत्र्यांची शर्यत होते, त्यानंतर टाउन हॉलसमोर ‘कॉर्नेट’च्या हाती गावाचा झेंडा दिला जातो. कॉर्नेट म्हणजे त्या वर्षीचा ध्वजधारी. गावातल्याच एखाद्या तरुणाला लोक मतदानानं निवडतात. चर्चच्या बाजूचा अरुंद चढ आहे, कर्क वाइंड नावाचा. त्या चढावरून कॉर्नेट आणि त्याच्या मागून सगळे घोडे चौखूर उधळत वर जातात. दोन्ही बाजूंनी माणसं भिंतीला चिकटून उभी असतात, नालांच्या ठिणग्या उडतात, आणि म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला प्रश्न पडतो की यात रडण्यासारखं काय आहे. दोन-तीन वर्षं इथं राहिलं की आपलेही डोळे भरून येतात.

त्या दिवशी गावभर ज्या रंगांच्या फिती लावतात ते रंग दरवर्षी बदलतात. इंग्लंडमधल्या एप्सम डर्बी शर्यतीत जो घोडा जिंकतो, त्याच्या जॉकीच्या पोशाखाचे रंग त्या वर्षी लँगमचे. त्यामुळे जूनमध्ये डर्बी झाली की इथल्या दुकानांत फितींची गडबड सुरू होते.

मिरवणुकीत खिळा ठोकलेला मासा घेऊन का जातात?

चार मानाच्या वस्तू काठ्यांवर उंच धरून नेतात. लाकडी ताटावर बार्लीची भाकरी आणि तिच्यावर मोठ्या खिळ्यानं ठोकलेला खारवलेला हेरिंग मासा. हद्दीवर मातीची ढेकळं कापून खूण करण्यासाठी कुदळ-फावड्याच्या जातीचं एक अवजार. माणसापेक्षा उंच, महाकाय काटेरी थिसलचं झाड, म्हणजे आमच्या जमिनीत पाय ठेवाल तर काटे टोचतील. आणि गुलाबांचा मुकुट.

भाकरी आणि मासा हे गिरणी आणि मासेमारीवरच्या जुन्या जमीनदारी हक्कांचं चिन्ह असं जाणकार सांगतात. मला स्वतःला दुसरा धागा जास्त आवडतो, तो दवंडीतला. खाली येतोच.

मुलांचा भाग वेगळा. डोंगरावरचं हेदर तोडून, बांधून त्याच्या केरसुण्या करतात आणि लहान मुलं त्या खांद्यावर घेऊन मिरवणुकीत चालतात. शेवटी प्रत्येकाला एक नाणं मिळतं. आज ज्यांच्या नातवंडांच्या हातात केरसुणी असते, त्यांनी त्यांचं लहानपणीचं नाणं घरात जपून ठेवलेलं असतं.

दवंडी म्हणजे? अजूनही कोणी दवंडी पिटतं का?

हो, आणि घोड्याच्या पाठीवर उभं राहून. ‘क्राइंग द फेअर’ असं म्हणतात. दवंडी देणारा आधी तीनदा पुकारा करतो, मग जुन्या स्कॉट्स बोलीत गावाच्या जमिनींची नावं, हद्दी आणि गावकऱ्यांचे हक्क खणखणीत आवाजात सांगतो. बाजारात भांडण करणाऱ्याला काय शिक्षा होईल, तेही त्यात आहे : कान खिळ्यानं ठोकले जातील, गुडघे टेकून राजासाठी प्रार्थना करावी लागेल. आणि शेवटी दवंडीवाला सांगतो की आता मी घरी जातो, जुन्या रीतीनं भाकरी आणि खारा मासा जेवायला. ताटावर खिळलेली भाकरी मला इथं सापडते : हद्द सांगून झाली, हक्क सांगून झाले, आता माणूस आपल्या घरचं साधं जेवण जेवणार.

ही बोली आजच्या इंग्रजी बोलणाऱ्यालाही पुरी कळत नाही. पण लँगमच्या दहा वर्षांच्या पोराला ती तोंडपाठ असते.

बाहेरच्या माणसाला यात भाग घेता येतो का?

बघायला कोणीही यावं. गर्दीत उभं राहिलं की शेजारचा माणूस स्वतःहून सगळं समजावून सांगतो. घोड्यावरून जायचं असेल तर सराव पक्का हवा. चढ अवघड आहेत, जमीन दलदलीची आहे, हे काम हौशी माणसाचं नाही. राहायची सोय मात्र खूप आधी करा. परदेशी गेलेले लँगमवासी त्या आठवड्यात ऑस्ट्रेलिया-कॅनडाहून घरी येतात, जसे गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात, आणि गावात खोली उरत नाही.

गावानं डोंगर विकत घेतला, हे खरं आहे का?

खरं आहे. अलीकडच्या काळातली इथली सर्वांत मोठी गोष्ट हीच, असं मी मानते.

स्कॉटलंडमधली बरीचशी ग्रामीण जमीन आजही मोजक्या घराण्यांच्या हातात आहे. जमिनीवरचे सरंजामी अधिकार कायद्यानं पूर्णपणे संपले ते २००४ मध्ये. लँगमभोवतालचे डोंगर शतकानुशतकं ड्यूक ऑफ बक्लूच्या इस्टेटीचे. श्रीमंतांच्या शिकारीसाठी तिथं ग्राउस नावाचे पक्षी राखले जायचे. शिकारी पक्षी आणि ग्राउस यांच्या संबंधांवर याच माळावर १९९२ पासून वर्षानुवर्षं अभ्यास झाले. हेन हॅरिअर हा देखणा शिकारी पक्षी वाढला तर शिकारीसाठी ग्राउस उरत नाहीत, या वादात लँगमचं नाव पक्षीशास्त्राच्या पुस्तकांत गेलं. पुढे शिकार परवडेना आणि २०१९ मध्ये इस्टेटीनं माळ विकायला काढला.

त्या वेळी गावानं ठरवलं की तो आपणच घ्यायचा. लँगम इनिशिएटिव्ह ही स्थानिक संस्था पुढे झाली. सरकारी जमीन निधी, मोठे देणगीदार आणि हजारो माणसांच्या छोट्या ऑनलाइन वर्गण्या यांतून ३८ लाख पौंड उभे राहिले आणि २०२१ मध्ये ५,२०० एकर गावाच्या नावावर झाले. उरलेल्या भागासाठी पुन्हा २२ लाख पौंड जमवले आणि २०२२ मध्ये आणखी ५,३०० एकर आले. दक्षिण स्कॉटलंडमधली लोकांनी मिळून केलेली ही सर्वांत मोठी जमीनखरेदी. आता त्या १०,५०० एकरांवर टॅरस व्हॅली नेचर रिझर्व्ह आहे. पीटची दलदल पुन्हा ओली करणं, नदीकाठी देशी झाडं लावणं, शाळेतल्या मुलांना माळावर नेणं अशी कामं चालतात.

सगळं गाव एकमतानं मागे होतं असं समजू नका. मेंढपाळांना चराईची काळजी होती, आणि आहे. मेंढ्या कमी होऊन झाडं वाढली तर आमचं काय, हा प्रश्न रास्त आहे आणि तो सभांमध्ये मोकळेपणानं विचारला जातो. पण १७५९ मध्ये जमिनीसाठी न्यायालयात गेलेल्या गावानं अडीचशेहून जास्त वर्षं दरवर्षी हद्द फिरून पाहिली नसती, तर वर्गणी काढून डोंगर घेण्याची हिंमत त्याला झाली असती असं मला वाटत नाही.

महाबळेश्वरशी या गावाचा काय संबंध?

महाबळेश्वरच्या बाजारपेठेचं जुनं नाव माल्कम पेठ. तो माल्कम इथला.

सर जॉन माल्कमचा जन्म १७६९ मध्ये लँगमजवळच्या बर्नफुट या शेतघरात झाला. सतरा भावंडं, बाप कर्जात बुडालेला. तेराव्या वर्षी पोराला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत घेतलं. हैदर अली समोर आला तर काय करशील, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा तलवार उपसून मुंडकं उडवीन, असं तो म्हणाला, ही गोष्ट इथं अजून सांगतात. पुढे तो इराणच्या दरबारी वकील झाला, डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या सैन्याविरुद्ध लढला आणि जून १८१८ मध्ये अशीरगडाजवळ दुसऱ्या बाजीरावानं शरणागती पत्करली ती त्याच्याच पुढ्यात. पेशव्याला वर्षाला आठ लाखांचा तनखा देऊन बिठूरला पाठवण्याचा करार त्यानंच केला. १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता. बोरघाटातला गाडीरस्ता त्याच्या काळात, १८३० मध्ये, खुला झाला. सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणी करून, वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात त्यानं महाबळेश्वर कंपनीच्या ताब्यात घेतलं आणि तिथं थंड हवेचं ठाणं वसवलं. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे.

लँगममध्ये व्हाइटा डोंगराच्या माथ्यावर त्याच्या स्मरणार्थ सुमारे शंभर फुटी दगडी स्तंभ आहे, १८३५ मध्ये उभारलेला. गावात कुठूनही मान वर केली की दिसतो. त्याचे भाऊही नावाजलेले. पुल्टनी माल्कम आरमारात अॅडमिरल झाला आणि त्याचा पुतळा गावात आहे. चार्ल्स मुंबईच्या आरमाराचा प्रमुख होता.

मी त्या स्तंभापाशी पहिल्यांदा गेले तेव्हा मनात काय आलं ते सरळ सांगते. गरीब शेतकऱ्याचा मुलगा किती पुढे गेला, हे इथल्या लोकांना त्यात दिसतं, आणि ते खोटं नाही. मला मात्र त्यात बाजीराव दिसला, शनिवारवाडा दिसला. आपलं एक राज्य ज्याच्या सहीनं संपलं, त्याचं हे गाव. शेजारी उभ्या असलेल्या स्थानिक आजोबांना मी ते सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले की हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलं नाही. तेव्हापासून पाहुणे आले की मी त्यांना वर नेते आणि दोन्ही बाजू सांगते.

‘रीड अँड टेलर’ इथलं का?

हो. लग्नाच्या सूटचं कापड म्हणून आपल्याकडे जे नाव घरोघरी गेलं, ती गिरणी १८३७ मध्ये लँगममध्ये सुरू झाली. मुंबईच्या एस. कुमार्स समूहानं हे नाव पुढे भारतात आणलं. एके काळी गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कोणी ना कोणी लोकरीच्या गिरणीत कामाला असायचं, नदीचं पाणी सूत धुवायला आणि रंगवायला वापरलं जायचं. आता ती गिरणी बंद आहे. तरुण मुलं कामासाठी हद्दीपलीकडच्या कार्लाइल शहरात किंवा एडिंबऱ्याला जातात, हे इथलं मोठं दुखणं आहे.

चंद्रावर गेलेला आर्मस्ट्राँग इथला होता का?

तो अमेरिकेतला, पण त्याचं घराणं या खोऱ्यातलं. सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवर कोणाचंच राज्य धड चालत नव्हतं. शेजारचा एक पट्टा तर दोन्ही देशांत १५५२ पर्यंत वाटलाच गेला नव्हता. त्या काळात ‘रीव्हर’ म्हणवणारी घराणी रात्री घोड्यांवरून येऊन गुरं पळवायची. आज आपण सर्रास वापरतो तो ‘ब्लॅकमेल’ शब्द या सीमाभागातला : लुटू नये म्हणून द्यायची खंडणी. आर्मस्ट्राँग यांत सर्वांत दांडगे. जॉनी आर्मस्ट्राँगला राजा पाचव्या जेम्सनं १५३० मध्ये साथीदारांसकट फासावर चढवलं. जवळच कॅननबीला गिलनॉकी टॉवर हा त्यांचा बुरूज नीट जपलेला आहे, अवश्य बघा.

मार्च १९७२ मध्ये नील आर्मस्ट्राँग लँगमला आला आणि गावानं त्याला आपला पहिला मानद नागरिक केलं. समारंभात गावाच्या न्यायाधीशांनी चारशे वर्षांपूर्वीचा, कधीच रद्द न झालेला कायदा वाचून दाखवला : गावात आर्मस्ट्राँग सापडला तर त्याला फाशी द्यावी.

वाचन-लेखनाची परंपरा आहे का?

एवढ्या छोट्या गावाच्या मानानं थक्क करणारी. थॉमस टेल्फर्ड, ज्यानं पूल, कालवे आणि रस्ते बांधून ब्रिटनचा नकाशा बदलला, तो १७५७ मध्ये जवळच्या वेस्टरकर्कमध्ये मेंढपाळाच्या घरी जन्मला. बाप तो तान्हा असतानाच गेला. लँगममध्ये त्यानं गवंडीकाम शिकलं आणि इथल्या पुलाच्या दगडांवरही त्याचा हात फिरला आहे. १७९३ मध्ये वेस्टरकर्कमधल्या अँटिमनी या धातूच्या खाणीतल्या मजुरांनी स्वतःसाठी वाचनालय काढलं. टेल्फर्ड वारला तेव्हा मृत्युपत्रात त्याची आठवण ठेवून पैसे ठेवून गेला. ते वाचनालय अजून आहे.

आधुनिक स्कॉटिश कवितेचा मोठा कवी ह्यू मॅकडर्मिड १८९२ मध्ये इथं जन्मला. वडील पोस्टमन, घर वाचनालयाच्या इमारतीत. पोरगा टोपली घेऊन वर जायचा आणि पुस्तकं भरून खाली आणायचा. स्कॉट्स बोली म्हणजे अडाण्यांची भाषा नव्हे, तिच्यात जगातलं काहीही लिहिता येतं, हे त्यानं कवितेतून दाखवलं. गावाशी त्याचं जमलं नाही. तो भांडकुदळ होता आणि गावही मऊ नव्हतं. तरी १९७८ मध्ये गेल्यावर त्याला मूठमाती इथंच मिळाली. डोंगरावर उघड्या पुस्तकाच्या आकाराचं त्याचं लोखंडी स्मारक आहे.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

अडचण येत नाही. बार्ली-भाज्यांचं सूप, भाजलेला बटाटा, ओटचे बिस्किटासारखे केक मिळतात. सूप मांसाच्या रश्श्यावर केलेलं नाही ना, एवढं विचारून घ्या. हॅगिस या इथल्या मांसाच्या पदार्थाचा शाकाहारी प्रकार मिळतो आणि तो चांगला मसालेदार असतो. ‘टॅब्लेट’ ही साखर-दुधाची वडी आपल्या कलाकंदाच्या जवळची, पण दाताला करकरीत. मेथी, कढीपत्ता लागला तर कार्लाइल गाठावं लागतं.

थंडीत तिथं राहवतं का?

डिसेंबरात पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. पहिला हिवाळा जड गेला. पण संध्याकाळी गाव घरात कोंडून बसत नाही. बँडच्या तालमी, वाद्यवृंद, नाटक, विणकामाचे गट यांत कोणीतरी ओढून नेतंच. शिवाय जूनमध्ये रात्री दहा वाजताही अंगणात पुस्तक वाचता येतं.

पोहोचायचं कसं?

लँगमची रेल्वे १८६४ मध्ये आली आणि १९६४ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. आता जवळचं मोठं स्टेशन कार्लाइल, साधारण ३२ किलोमीटर. तिथून हॉइककडे जाणारी बस ए-७ रस्त्यानं लँगमवरून जाते. स्वतःची गाडी असेल तर एस्क नदीच्या वरच्या अंगाला एस्कडेलम्युअरपर्यंत जा. तिथं १९६७ पासून साम्ये लिंग नावाचा तिबेटी बौद्ध मठ आहे. मेंढ्यांच्या कुरणांमधून अचानक सोनेरी कळस आणि प्रार्थनेच्या पताका दिसतात.

एकच दिवस असेल तर काय बघू?

सकाळी बाजारपेठेतून कर्क वाइंडनं वर निघा. आधी शेवटची घरं संपतात, मग दगडी कुंपणं, मग मेंढ्या. तासाभरात माल्कमच्या स्तंभापाशी पोहोचाल. आकाश स्वच्छ असेल तर दक्षिणेला सॉलवेची खाडी आणि तिच्यापलीकडे इंग्लंडचे डोंगर दिसतात. उत्तर-पूर्वेला टॅरसचं खोरं, गावानं घेतलेलं. थोडा वेळ शांत बसा, हेन हॅरिअर दिसला तर नशीब. नर फिकट राखाडी असतो आणि जमिनीलगत तरंगत जातो. रेनकोट बरोबर ठेवा आणि बुटांत पाणी शिरणार हे गृहीत धरा. पायवाटेवर मेंढ्यांसाठी फाटक लागलं तर ते जसं होतं तसंच परत लावून घ्या. इथं त्यावरून माणसाची पारख होते.